लिहून चालणारा खेळ आणि गप्प बसलेले खेळाडू

चार-पाच जण एकत्र येतात, प्रत्येक जण एका काल्पनिक माणसाची भूमिका घेतो, एक जण त्या सगळ्यांभोवतीचे जग सांभाळतो आणि ज्या कृतीचा निकाल सांगता येत नाही तिथे फासे टाकले जातात. भूमिकाखेळाचे वर्णन एवढ्यात संपते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून बाहेर पडला आणि या प्रकाराला छापील नियम मिळाले. पुढे तो टेबलावरून पडद्यावर आला. व्हिडिओ कॉलवर, फासे टाकणाऱ्या आणि नकाशा दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तो आज खेळला जातो. ही पुस्तिका त्याच्या एका वेगळ्या शाखेविषयी आहे. या शाखेत कुणी बोलत नाही, सगळे लिहितात. ‘मी दार ढकलतो’ हे वाक्य सकाळी नऊला लिहिले जाते, दाराआड काय आहे ते दुपारी कळते आणि आत शिरायचे की नाही याचा वाद रात्रीपर्यंत चालतो. असा खेळ सुरू करणे फार सोपे आहे, चालू ठेवणे फार अवघड. हे अवघडपण नेमके कशात आहे ते या प्रस्तावनेत सांगायचे आहे, कारण ते बहुतेकांना चुकीच्या ठिकाणी दिसते. कल्पनाशक्ती कमी पडते, नियम किचकट आहेत, इंटरनेट तुटते अशी कारणे दिली जातात. माझ्या मते मूळ अडचण एकच आहे: लिहून चालणाऱ्या खेळात शांततेला अर्थ नसतो, आणि तो कुणी ठरवून दिल्याशिवाय बाकीचे सगळे उपाय वाया जातात.

आधी, लिहूनच का खेळायचे, या प्रश्नाचे उत्तर माळशिरससारख्या तालुक्यात शोधणे बरे. दहावी-बारावीपर्यंत एका वर्गात बसलेली मुले पुढे पुण्याला, बारामतीला, सोलापूरला पांगतात. जी मागे राहतात त्यांच्यातला एखादा अकलूज किंवा सदाशिवनगरच्या साखर कारखान्यात पाळीवर असतो, गाळप हंगामात त्याची रात्र कुठल्या आठवड्यात मोकळी असेल ते आधी सांगता येत नाही. एखाद्याच्या शेतीपंपाला रात्रीची वीज असते आणि तेव्हा त्याला रानात असावे लागते. एखादी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली असते, आणि तिथल्या बैठकीत बसून मोबाइलवर मोठ्याने ‘मी तलवार उपसते’ असे म्हणणे तिला जमण्यासारखे नसते. या सगळ्यांनी शनिवारी रात्री आठ ते अकरा एकत्र बसावे ही अपेक्षा पहिल्याच महिन्यात मोडते. लिहिण्याचा खेळ मात्र दिवसातली दहा मिनिटे मागतो, आणि ती दहा मिनिटे कुठली हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. म्हणून मी या प्रकाराला गरजेपोटी पत्करलेली तडजोड मानत नाही. जी माणसे एरवी एकत्र खेळूच शकली नसती त्यांना एकत्र आणणारा हा स्वतंत्र प्रकार आहे.

त्याची वंशावळही टेबलाच्या खेळापेक्षा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 च्या सुमारास राइसविट्झ या अधिकाऱ्याने युद्धाचा एक सराव-खेळ रूढ केला. त्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम पंचाला लिहून देत आणि त्यांच्या तुकड्यांना जे दिसले असते तेवढेच पंच त्यांना सांगत असे. खेळ चालवणारा माणूस, लेखी कृती आणि अपुरी माहिती हे तिन्ही घटक तिथे हजर होते. पुढे ॲलन कॅलहॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ 1959 मध्ये आला आणि 1963 पासून जॉन बोर्डमन यांनी तो टपालाने खेळवायला सुरुवात केली. चाल लिहून पाठवायची, ठरलेल्या तारखेला सगळ्या चाली एकदम उघडायच्या, निकाल छापून सर्वांना धाडायचा. मराठीत या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ‘मायबोली’ या संकेतस्थळावरच्या गणेशोत्सवात रंगणारा एसटीवायचा (‘स्पिन द यार्न’) उपक्रम. एकाने कथेचे तोंड लिहायचे आणि बाकीच्यांनी आपापला तुकडा जोडत ती पुढे न्यायची. जगभर विखुरलेली मराठी माणसे एकत्र लिहून गोष्ट रचू शकतात, त्यात रमतात, हे त्याने दाखवून दिले. पण त्या कथेतले पात्र कुणा एकाच्या मालकीचे नसते. एक लेखक गप्प झाला तर दुसरा ती कथा सहज उचलतो. भूमिकाखेळात असे होत नाही. इथे प्रत्येक पात्राला एकच तोंड असते, आणि ते तोंड मिटले की त्या पात्रापाशी सगळी गोष्ट अडते.

समोरासमोरच्या खेळात शांतता बोलकी असते. कुणी ओठ चावत विचार करतो, कुणी फासे हातात खुळखुळवतो, कुणाचे लक्ष चहाकडे असते. खेळ चालवणाऱ्याला हे सगळे दिसते आणि तो त्याप्रमाणे थांबतो किंवा पुढे सरकतो. आपल्याकडच्या कथनपरंपरांनी तर ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाला कथेतच जागा दिली आहे. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, बतावणीत सोंगाड्याला टोकणारा जोडीदार असतो, आजीच्या गोष्टीत नातवाने ‘हूं’ म्हणायचे असते आणि तो थांबला की आजी विचारते, झोपलास का रे? सांगणारा एकटा नाही याची खात्री त्या हुंकाराने होत राहते. लिहिण्याच्या खेळात हाच हुंकार नाहीसा होतो. संध्याकाळी सातला खेळ चालवणाऱ्याने भुयाराचे वर्णन मनापासून लिहिले आणि रात्री अकरापर्यंत कुणीच काही लिहिले नाही, तर त्याने काय समजायचे? वर्णन आवडले नाही? काय करावे ते सुचत नाही? दुसऱ्याने आधी बोलावे म्हणून सगळे थांबलेत? की सगळे कामात आहेत? व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा मजकूर उघडला गेला एवढेच सांगतात, आणि वाचूनही उत्तर आले नाही हे कळल्यावर मन आणखी खट्टू होते. खेळाडूंच्या बाजूनेही तेच घडते. एकाने जीव ओतून आपल्या पात्राच्या बापाची गोष्ट लिहिली आणि तिच्याखाली कुणी चकार शब्द लिहिला नाही, तर पुढच्या वेळी तो दोनच ओळी लिहितो आणि त्यापुढच्या वेळी एकही नाही. ज्या शांततेला अर्थ नसतो तिला प्रत्येक जण आपल्या मनातला सर्वांत वाईट अर्थ देतो, हे या खेळाच्या बाबतीत अगदी खरे आहे.

शांततेला अर्थ देता येतो याचा पुरावा शोधायला माळशिरसकरांना लांब जावे लागत नाही. संत ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आषाढीच्या वाटेवर नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करतो. मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतात आणि तो प्रचंड समुदाय क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीला तक्रार मांडायची असते ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार समजून घेतात, तिचा निवाडा होतो आणि मग ती दिंडीही थांबते. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ आणि आरती. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. तिच्यातला हा भाग मला विलक्षण वाटतो. हजारो माणसांचे म्हणणे एकेकाला विचारणे अशक्य असते, म्हणून गप्प राहणे म्हणजे ‘आमचे काही म्हणणे नाही’ आणि टाळ चालू ठेवणे म्हणजे ‘आमचे ऐका’, असे सगळ्यांनी आधीच मान्य केलेले आहे. तिथली शांतता पूर्ण वाक्याइतकी स्पष्ट असते, आणि ती केवळ संकेतामुळे स्पष्ट असते. तोच समुदाय संकेताशिवाय गप्प बसला असता तर त्यातून काहीही वाचता आले नसते.

हा संकेत नसला की खेळात काय होते ते लढाईच्या प्रसंगात सर्वांत स्वच्छ दिसते. टेबलावर लढाईचा क्रम फाशांनी ठरतो आणि प्रत्येक जण आपली पाळी आली की बोलतो. पाच खेळाडू आणि सहा फेऱ्या असतील तर तीस पाळ्या होतात, आणि पाऊण तासात प्रसंग संपतो. तोच क्रम लेखी खेळात जसाच्या तसा ठेवला आणि प्रत्येक जण सरासरी अर्ध्या दिवसाने उत्तर देतो असे धरले, तर त्याच लढाईला पंधरा दिवस लागतात. त्यात तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू बहिणीच्या लग्नात अडकला तर चौथा आणि पाचवा तयार असूनही बसून राहतात. आठव्या दिवशी कुणालाच आठवत नाही की जखमी कोण आहे आणि दिवटी कुणाच्या हातात होती. मग खेळ चालवणारा ‘कुणाची पाळी आहे?’ असे विचारतो, त्यालाही उत्तर येत नाही. इथे कुणाची कल्पनाशक्ती आटलेली नसते. टेबलासाठी बनवलेला नियम बोलण्याचा वेग गृहीत धरतो, एवढीच चूक असते. टपाली ‘डिप्लोमसी’ने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. ज्याची चाल तारखेपर्यंत आली नाही त्याच्या तुकड्या आहेत तिथेच उभ्या राहिल्या असे मानायचे. पत्र न आल्याचा अर्थ नियमाने ठरलेला होता, म्हणून एका माणसाच्या आळसामुळे बाकीच्यांचा खेळ अडत नसे.

नीरा उजव्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला शेजपाळी समजावून सांगावी लागत नाही. पाळी आली की पाणी घ्यायचे, घेतले नाही तर पाणी पुढच्या शेताकडे जाते आणि आपण पुढच्या पाळीची वाट पाहायची. लेखी खेळाची पाळी अशीच असली पाहिजे, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे. खेळ चालवणाऱ्याने फेरी उघडली की अमुक तासांच्या आत सर्वांनी, कुठल्याही क्रमाने, आपापली कृती लिहावी. मुदत संपली की आलेल्या कृती एकत्र सोडवाव्यात. आणि ज्याने लिहिले नाही त्याचे पात्र काय करते हे त्या खेळाडूने खेळाच्या आरंभीच लिहून दिलेले असावे. ‘काही कळवले नाही तर माझी वैदू मागे राहून जखमींना सांभाळते’ एवढे एक वाक्य पुरते. त्याने पात्राची ओढाताण टळते, कारण दुसऱ्याने त्याच्या वतीने मनमानी निर्णय घेतला असे होत नाही. जोडीला ‘जर-तर’च्या कृती लिहायला शिकवाव्यात: दार उघडे असेल तर आत जातो, नसेल तर खिडकी शोधतो. अशी एक ओळ दोन दिवसांची ये-जा वाचवते. सुरुवातीच्या भूमिकाखेळांत सर्वांच्या वतीने निर्णय सांगणारा एक म्होरक्या असे. टेबलावर तो कालांतराने मागे पडला, पण कुठल्या वाटेने जायचे यासारख्या प्रश्नावर लेखी खेळात त्याची जागा पुन्हा निर्माण करण्यासारखी आहे. नाहीतर सौजन्यापोटी प्रत्येक जण ‘तुम्ही म्हणाल तसे’ लिहितो आणि चार दिवस पात्रे चौकातच उभी राहतात. फाशांचेही आधी ठरवावे. ते ग्रुपमधल्या बॉटने सर्वांसमक्ष टाकायचे की खेळ चालवणाऱ्याने आपल्या घरी, हे अस्पष्ट राहिले की पहिल्या मोठ्या पराभवानंतर संशय येतो, आणि लेखी खेळातला संशय कुणी बोलून दाखवत नाही. तोही गप्प बसण्यातूनच बाहेर पडतो.

मराठीत खेळताना गप्प बसण्याचे आणखी एक कारण आहे, आणि परकीय नियमपुस्तकांत त्याची दखल नसणे स्वाभाविक आहे. या पट्ट्यात बोलायला कुणी कमी नाही. पारावर, चहाच्या टपरीवर प्रसंग रंगवून सांगणारी माणसे जागोजाग आहेत. त्यातल्याच एकाला लिहायला सांगितले की हात आखडतो. ‘न’ की ‘ण’, ऱ्हस्व की दीर्घ, ‘कवा’ लिहायचे की ‘केव्हा’, असे प्रश्न मजकुराआधी उभे राहतात. शाळेत लाल शाईने गोल केलेले शब्द माणूस विसरत नाही. म्हणून तो रोमन लिपीत दोन शब्द टाकतो किंवा अंगठ्याचे चित्र पाठवतो. ग्रुपमधल्या कुणी हौसेने त्याचे शुद्धलेखन दुरुस्त केले, तर त्या खेळाडूचे पात्र त्या दिवशी मेले असे समजावे. यावर नियम स्पष्ट हवा: खेळाच्या मजकुरात कुणी कुणाची भाषा सुधारायची नाही. बोलून पाठवलेला मजकूर मोबाइलने टिपून घेतला तरी चालेल, दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. उलट बोलीचा इथे मोठा फायदा आहे. पात्र कुठल्या गावचे, कुणाला ‘अरे’ म्हणते आणि कुणाला ‘अहो’, कुणापुढे एकदम ‘आपण’वर येते, यातून स्वभाव उभा राहतो. त्यासाठी वर्णनाची पाने भरावी लागत नाहीत. मात्र पात्राचे बोलणे आणि खेळाडूचे बोलणे वेगळे ओळखू आले पाहिजे. पाटलाच्या भूमिकेतला मित्र ‘तुझ्यावर माझा विश्वास नाही’ असे लिहितो तेव्हा ते कुणी कुणाला म्हटले याचा गोंधळ होऊन खरी मैत्री तुटू शकते. समोर बसलेल्याच्या डोळ्यांतले हसू इथे दिसत नाही. खेळासाठी एक ग्रुप आणि आपसातल्या बोलण्यासाठी दुसरा, इतका साधा बंदोबस्तही पुष्कळ अनर्थ टाळतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की, हे सगळे करण्यापेक्षा महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटा. ज्यांना जमते त्यांनी जरूर भेटावे. पण कॉलवर अडखळणारी माणसे लिहिताना खुलतात हेही विसरू नये. बहिऱ्या खेळाडूला कॉलवर मागे राहावे लागते, मोठ्या आवाजाच्या दोघांपुढे तिसऱ्याला संधी मिळत नाही, आणि आपल्या पात्राच्या तोंडी नेमके काय घालावे याचा विचार करायला उसंत मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुदती, आधी लिहून दिलेली वाक्ये, गैरहजेरीचे नियम, हे सगळे कचेरीसारखे झाले, खेळ कुठे राहिला? ज्याला आवड आहे तो लिहीलच, ज्याला नाही त्याला नियमाने बांधून काय उपयोग? यात तथ्य एवढेच की नियमांनी आवड निर्माण होत नाही. पण आवड असली की नियम लागत नाहीत, हे खरे नाही. शेकडो किलोमीटर चालत येणाऱ्या वारकऱ्यांच्या निष्ठेविषयी कुणी शंका घेणार नाही, तरीही त्यांच्या सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक आहेत, चोपदार आहेत, तक्रारीची रीत आहे. जिथे आस्था खोल असते तिथे माणसे एकमेकांवर रुसतातही खोलवर, आणि रुसवा फुटायला वाट ठेवलेली नसेल तर सगळ्यात आस्थेवाईक माणूसच आधी निघून जातो. शिवाय मी सुचवतो ते नियम मोजके आहेत. मुदत, गैरहजेरीचा अर्थ, आणि वाचल्याची पोच. पोच म्हणजे लांब उत्तर नव्हे. दुसऱ्याच्या मजकुरातली एखादी गोष्ट आपल्या पुढच्या ओळीत उचलायची, एवढीच ती असावी. त्याच्या पात्राने बापाची अंगठी काढली असेल तर आपल्या पात्राने तिच्याकडे एकदा पाहावे. लेखी खेळातला हुंकार तो हाच.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे. आता यंत्र गोष्ट सांगते, क्षणात उत्तर देते, रात्री दोनलाही थकत नाही. 2019 मध्ये आलेल्या ‘एआय डंजन’नंतर ही सोय सर्वांना माहीत झाली आहे. मग खेळ चालवणाऱ्या माणसाची गरज काय? नावे सुचवणे, कालचा प्रसंग थोडक्यात मांडणे, नकाशातल्या गावाचे वर्णन करणे या कामांत यंत्राची मदत घ्यायला माझी हरकत नाही. पण इथे सोडवायचा प्रश्न उत्तर उशिरा येण्याचा नव्हता. पांगलेल्या पाच जणांनी एकमेकांची वाट पाहावी, एकाने लिहिलेले दुसऱ्याने मनात घेऊन दिवसभर हिंडावे, यासाठी हा खेळ मांडलेला असतो. यंत्राशी खेळताना कुणी कुणाची वाट पाहत नाही. त्यात शांतता नसते हे खरे, पण नाते टिकवण्याचे काम तिथे मागे पडते आणि ज्याच्या-त्याच्या हाती ज्याची-त्याची गोष्ट उरते.

राहता राहते खुद्द खेळ चालवणाऱ्याची शांतता, आणि अनेक खेळ संपतात ते तिच्यामुळे. खेळाडू गप्प झाला तर एक पात्र अडते, खेळ चालवणारा गप्प झाला तर जगच थांबते. त्याच्या डोक्यावरचे ओझे खरोखर मोठे असते. प्रत्येक मजकूर वाचायचा, सगळ्यांच्या जखमा आणि पैसे लक्षात ठेवायचे, पुढचा प्रसंग रचायचा, आणि कुणी रुसले आहे का ते ओळींच्या मधून ताडायचे. दोन-तीन महिन्यांनी तो थकतो. थकला हे सांगायची त्याला लाज वाटते, मग तो ‘उद्या लिहितो’ असे लिहून नाहीसा होतो. म्हणून पुढच्या प्रकरणांत खेळाडूंच्या नियमांआधी त्याचे नियम आले आहेत. खेळ किती प्रसंगांत संपणार ते त्याने पहिल्याच दिवशी सांगावे. अनंत काळ चालणारी कथा लेखी खेळात आरंभू नये, आठ-दहा आठवड्यांत तडीस जाणारी आरंभावी. आठवड्यातून एकदा कोण कुठे आहे, काय घडले, पुढे कधी लिहायचे हे पाच ओळींत जाहीर करावे. आपण सुट्टीवर जाणार असू तर तारखा द्याव्यात. आणि आपण आठ दिवस न सांगता गप्प राहिलो तर कथा कुणी हाती घ्यायची किंवा कुठल्या प्रसंगावर ती संपली असे मानायचे, हे दोनपैकी एक, एका खेळाडूच्या नावासह, खेळ सुरू होण्याआधी लिहून ठेवावे.